जर्सीत गाडी चालवणार आहात? आधी दिव्यांचं बघा

न्यू जर्सीत नवी गाडी हातात आली की बहुतेकांचे पहिल्या आठवड्यात कोरड्या काचेवर वायपर फिरतात. आपल्याकडच्या मारुती-ह्युंदाईत इंडिकेटरचा दांडा स्टिअरिंगच्या उजवीकडे असतो, इथे डावीकडे. हात जुन्या जागीच, म्हणजे इथल्या वायपरच्या दांड्याकडे जातो. म्हणून रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नुसती वळायची सवय करा. नजर खाली न नेता दांडा बोटांना सापडला पाहिजे.

वळण्याआधी किमान 100 फूट इंडिकेटर सतत चालू हवा, असा इथला नियम आहे. पण हे अंतर फार थोडं आहे. ताशी 25 मैलांनी गल्लीतून जाताना ते तीन सेकंदांत संपतं आणि रूट 1 या हायवेवर 50 च्या वेगात दीड सेकंदही मिळत नाही. त्यामुळे हायवेवर बरंच आधी द्या. लेन बदलताना आरसा, इंडिकेटर, मग मान वळवून मागे नजर आणि त्यानंतरच स्टिअरिंग. पुढच्या गाडीचा मागचा इंडिकेटर पिवळाच असेल असंही धरू नका. इथे बऱ्याच गाड्यांचा तो लाल असतो, ब्रेकच्या दिव्यासारखाच दिसतो.

दोन सवयी मात्र तिकडेच सोडून या. आपण डिपर मारतो तो ‘मी येतोय, थांब’ म्हणून. इथे चौकात समोरच्याने दिवे मारले तर बहुधा तो ‘तुम्ही जा’ म्हणत असतो. एकाच खुणेचे दोघांनी दोन अर्थ लावले तर धडक ठरलेली, म्हणून चौकात डिपर मारूच नका. दुसरी सवय म्हणजे सरळ जायचंय म्हणून चारही इंडिकेटर लावणं. मागच्याला वाटतं गाडी बंद पडली.

पावसाबद्दल मी प्रत्येक नवीन माणसाला बजावून सांगतो. वायपर सतत चालू असतील तर हेडलाइट लावायलाच हवेत, भर दुपारीसुद्धा. ‘पुढचे दिवे तर लागलेत की’ असं अनेकजण म्हणतात. ते दिवसा आपोआप लागणारे दिवे असतात आणि बऱ्याच गाड्यांत त्यांच्यासोबत मागचे लाल दिवे लागत नाहीत. डॅशबोर्डचा स्क्रीन कायम उजळलेला, त्यामुळे आत बसलेल्याला पत्ताच लागत नाही. पार्कवेवर, म्हणजे इथल्या मोठ्या हायवेवर, पाऊस झोडपत असताना अशी राखाडी गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसणार कशी? दिव्यांच्या बटणावरच्या ‘ऑटो’ खुणेवर विसंबू नका, पाऊस लागला की बटण स्वतः हेडलाइटवर फिरवा. डिसेंबरात तर साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसातून घरी येणं अंधारातच.

आतल्या अंधाऱ्या रस्त्यांवर हरणं आडवी येतात, तिथे हाय बीम लावा. समोरून गाडी आली की 500 फुटांच्या आत लो बीम करा. धुक्यात लो बीमच.

स्कूल बसच्या बाबतीत मात्र जराही चालढकल नको. पिवळे दिवे लुकलुकले की बस थांबणार आहे, वेग कमी करा. लाल लुकलुकले की किमान 25 फूट दूर थांबा, तुम्ही समोरून येत असलात तरीही. मध्ये दुभाजक असेल आणि बस पलीकडच्या बाजूला असेल, तर ताशी 10 मैलांपेक्षा जास्त नको. लाल दिवे बंद होईपर्यंत हलायचं नाही. मुलं बसच्या पुढून रस्ता ओलांडतात, आणि त्यांच्यात उद्या तुमचंही मूल असेल.

मागे पोलिसांचे लाल-निळे दिवे दिसले तर घाबरू नका. उजवा इंडिकेटर देऊन शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, थांबा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर ठेवा. आपल्याकडे उतरून साहेबांकडे जातात, तसं इथे मुळीच करू नका. आत बसून राहा, आणि कागद मागितल्यावर ते कुठे ठेवलेत हे सांगून मगच कप्प्याकडे हात न्या.