मेलमॅनचे एलियास: फाईल कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

पोस्टफिक्स (मेल पोचवणारा सर्व्हर) उभा आहे, साधा मेल येतो-जातो, इथवर तुम्ही पोचलात असं धरतो. आता मेलमॅन २.१ वर, म्हणजे मेलिंग लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पहिली लिस्ट काढायची. एका लिस्टला दहा एलियास, म्हणजे आलेला मेल मेलमॅनच्या प्रोग्रॅमकडे वळवणारे पत्ते, लागतात: लिस्टचं नाव, मग त्याच नावापुढे ॲडमिन, बाउन्सेस, कन्फर्म, जॉइन, लीव्ह, ओनर, रिक्वेस्ट, सबस्क्राइब, अनसबस्क्राइब. हाताने लिहीत बसू नका, ते काढून देणारी जेनएलियासेस ही कमांड आहे.

खरा घोळ पुढे. एलियास बरोबर, न्यूएलियासेस (एलियासच्या फाईलवरून डीबी बांधणारी कमांड) चालवलं, तरी मेल परत येतो आणि लॉगमध्ये दिसतं ‘ग्रुप मिसमॅच एरर’: हवा होता मेलमॅन ग्रुप, मिळाला नोबडी. मी इथेच पार रडकुंडीला आलो होतो. एलियासमधला प्रोग्रॅम पोस्टफिक्स कोणाच्या हक्काने चालवतो? एलियासच्या डीबी फाईलचा जो मालक, त्याच्या. मालक रूट असेल तर पोस्टफिक्सची डीफॉल्ट प्रिव्हज ही सेटिंग लागू होते, म्हणजे मुळात नोबडी, जवळपास काही हक्क नसलेला युजर. मेलमॅनचा रॅपर, म्हणजे एलियासमधून चालणारा छोटा प्रोग्रॅम, ग्रुप तपासतो आणि दार लावून घेतो. आणि नीट ऐका, फाईलचा नुसता ग्रुप बदलून काही होत नाही. मालक बदला. पोस्टफिक्स त्या युजरचा मूळ ग्रुप घेतो, फाईलवरचा नाही. म्हणून मेलमॅनचे एलियास ईटीसी फोल्डरमधल्या नेहमीच्या एलियास फाईलमध्ये कोंबू नका. वेगळी फाईल, ती आणि तिची डीबी दोन्ही मेलमॅन युजरच्या नावावर, आणि तिचं नाव पोस्टफिक्सच्या एलियास मॅप्स या सेटिंगमध्ये. न्यूएलियासेस फक्त एलियास डेटाबेस या सेटिंगमधल्या फाईली बांधतं, तेव्हा हिच्यासाठी पोस्टएलियास चालवा.

‘डीफॉल्ट प्रिव्हज मेलमॅन करून टाक, चालतंय ना?’ असं सांगणारा सीनिअर भेटेल. ऐकू नका. मग रूटच्या फाईलमधला प्रत्येक पाइप, म्हणजे एलियासमधून चालणारा प्रोग्रॅम, मेलमॅनच्या हक्काने चालेल. शॉर्टकट देणाऱ्यापेक्षा ‘लॉग वाचून दाखव’ म्हणणारा माणूस धरा.

आमच्या रत्नागिरीत असा माणूस शेजारी मिळणं कठीण, आणि जुलैत लाईट नि रेंज एकदमच जातात. घाबरू नका. लॅपटॉपवर पोस्टफिक्स टाकलेला असला तर त्याचं मॅन्युअलही तिथेच असतं. ‘लोकल’चं पान उघडा, डिलिव्हरीच्या हक्कांचा भाग सावकाश वाचा. मालकाच्या हक्कांचा हा नियम त्यात लिहिलाय, नेट लागत नाही.

नवीनच उभारणी असेल तर थेट मेलमॅन ३ घ्या. तो एलएमटीपी या मेल सोपवण्याच्या प्रोटोकॉलने, मुळात ८०२४ पोर्टवर, मेल घेतो, पाइपची भानगडच नाही. जुनं सांभाळायचं असेल तर रिक्वेस्टच्या पत्त्यावर ‘हेल्प’ एवढाच विषय टाकून मेल पाठवा आणि लॉगवर नजर ठेवा. ‘डिलिव्हर्ड टु कमांड’ दिसलं की मगच सभासद भरायला घ्या.