जीमॅटच्या गणिताची तयारी: चुकांची वही कशी ठेवावी

जीमॅट म्हणजे एमबीएसारख्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्या गणित विभागात 21 प्रश्न, 45 मिनिटं. कॅल्क्युलेटर नाही. 2023 च्या शेवटी परीक्षेचं स्वरूप बदललं तेव्हा या विभागातून भूमिती गेली, आणि ‘दिलेली माहिती पुरेशी आहे का’ हे विचारणारे प्रश्न डेटा इनसाइट्स या वेगळ्या विभागात गेले. तरी अजूनही कुणीतरी जुनं पुस्तक हातात ठेवून ‘आधी त्रिकोण-वर्तुळं पक्की कर’ असं सांगतंच. त्यात एक दिवसही घालवू नका. उरतं ते शाळेतलं अंकगणित आणि बीजगणित.

सुरुवातीलाच एक सराव परीक्षा वेळ लावून द्या. अधिकृत संकेतस्थळावर दोन मोफत मिळतात. दुसरी शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

पाढे, 20 पर्यंतचे वर्ग आणि 1/12 पर्यंतच्या अपूर्णांकांचे टक्के पाठ करा.

मग सराव. रोज दहा-बारा प्रश्न पुरेत. ‘रोज पन्नास सोडव’ हा सल्ला मला सगळ्यांनी दिला आणि मी दोन महिने तो पाळला. सराव परीक्षेतले गुण जागचे हलले नाहीत. गडबड सरावाच्या पुढच्या पायरीत होती, म्हणजे चुकलेल्या प्रश्नाचं पुढे काय करायचं, त्यात.

मी काय करायचे? उत्तर चुकलं की पुस्तकातली रीत वाचायची, ‘हां, कळलं’ म्हणायचं, वहीत ‘निष्काळजीपणा’ असं लिहायचं आणि पुढे जायचं. हा शब्द तुमच्या वहीत येऊ देऊ नका. त्यातून उद्या वेगळं काय करायचं ते कळत नाही. आणि दुसऱ्याने सोडवलेलं गणित समजलं म्हणून आपल्याला ते सुचेल असं होत नाही.

एक उदाहरण देते. 40 किलो खारं पाणी आहे, त्यात 10 टक्के मीठ. किती पाणी आटवलं की मीठ 16 टक्के होईल? मी 40 चे 6 टक्के काढले आणि 2.4 किलोवर अडकले. वहीत ‘मिश्रण’ या मथळ्याखाली नोंद केली. आठवडाभराने दुसरं गणित आलं: 100 जणांच्या गटात 99 डॉक्टर आणि एक वकील आहे, किती डॉक्टर निघून गेले की डॉक्टरांचं प्रमाण 98 टक्के होईल? मी ‘एक’ असं उत्तर दिलं. ही नोंद ‘टक्केवारी’खाली गेली. दोन्ही चुका मुळात एकच आहेत, हे मला कितीतरी दिवस दिसलं नाही, कारण त्या वहीच्या दोन टोकांना होत्या.

दोन्हीकडे पहिली ओळ एकच हवी होती: जे बदलत नाही ते पकडा. पाणी आटतं, मीठ 4 किलोच राहतं. ते 4 किलो जर 16 टक्के व्हायचे असतील तर एकूण वजन 25 किलो हवं, म्हणून 15 किलो पाणी आटवायचं. वकीलही एकच राहतो. तो एक जण 2 टक्के व्हायचा असेल तर गट 50 जणांचा हवा, म्हणून 50 डॉक्टर जायला हवेत.

तेव्हापासून माझी वही धड्यांप्रमाणे लावणं बंद झालं. प्रत्येक पानाच्या वर एक ‘पहिली ओळ’ आणि तिच्याखाली ती न सुचल्यामुळे चुकलेली गणितं, मग ती कुठल्याही धड्यातली असोत. माझी आणखी दोन पानं सांगते. ‘सरासरी म्हणजे एकूण भागिले एकूण’: जाताना ताशी 40, त्याच रस्त्याने येताना ताशी 60, तर सरासरी 50 नव्हे, 48. आणि ‘शून्य असू शकेल अशा चलाने भागू नका’: x² = 5x मध्ये दोन्ही बाजूंना x ने भागलं की 5 मिळतात, शून्य हातचं निसटतं.

नोंद करताना पुस्तकातली रीत लगेच उघडू नका. दहा मिनिटं कोऱ्या कागदावर झगडा. तरी नाही सुटलं तर रीतीची फक्त पहिली ओळ बघा, बाकीची हाताने झाका आणि पुढचं स्वतः करा. चार दिवसांनी तेच गणित कोऱ्या कागदावर, बारा दिवसांनी पुन्हा. बाराव्या दिवशी पहिली ओळ अर्ध्या मिनिटात सुचली तरच त्यावर काट मारा. हे कंटाळवाणं आहे आणि यात नव्या प्रश्नांची संख्या निम्म्यावर येते. येऊ द्या. माझे गुण पहिल्यांदा वाढले ते या कामाच्या तिसऱ्या आठवड्यात.

वेळेचं बोलायचं तर एका प्रश्नाला दोन मिनिटांहून थोडं जास्त मिळतं. दोन मिनिटं झाली आणि पहिली ओळसुद्धा सुचलेली नसेल, तर एक पर्याय निवडा, खूण करा आणि पुढे चला. शेवटी वेळ उरला तर परत येता येतं, पण एका विभागात तीनच उत्तरं बदलता येतात. तेव्हा सरसकट सगळीकडे खुणा करत सुटू नका.

शेवटच्या आठवड्यात नवं पुस्तक उघडू नका. राखून ठेवलेली सराव परीक्षा द्या आणि वहीतल्या पहिल्या ओळी तेवढ्या वाचा. परीक्षेत तीन मिनिटं उरली आणि चार प्रश्न बाकी असतील, तर चारही प्रश्नांची उत्तरं नोंदवा, अंदाजाने का होईना. प्रश्न कोरे राहिले की गुण कापले जातात.