तोंड आलेल्या माणसाला काय विचारायचं: म्युकोसायटिसच्या संशोधनात येणाऱ्यांसाठी

बीडीएस झाल्यावर दोन वर्षं मी तालुक्याच्या गावी दाढा काढल्या, रूट कॅनॉल केली, आणि मग एका कर्करोग रुग्णालयातल्या प्रकल्पात संशोधन सहाय्यक म्हणून लागले. विषय होता म्युकोसायटिस. किमो आणि रेडिएशनमुळे तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाचं आतलं नाजूक अस्तर सोलवटतं, त्याला हे नाव. तोंडातले व्रण, गिळताना येणारी कळ, पोटातला मुरडा, न थांबणारे जुलाब ही सगळी त्याचीच रूपं. आता या कामात मला सात वर्षं झाली. दरवर्षी नवीन मुलं-मुली येतात. कुणी दंतवैद्यक केलेलं असतं, कुणी मायक्रोबायोलॉजी, कुणी न्यूट्रिशन. त्यांना पहिल्या महिन्यात जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

सुरुवात भाषेपासून करा. आपल्याकडचा पेशंट 'म्युकोसायटिस' म्हणत नाही, 'व्रण' पण म्हणत नाही. तो म्हणतो, "तोंड आलंय." आणि तोंड येणं म्हणजे उष्णता, हे त्याच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं असतं. मग तो डॉक्टरांना सांगतच नाही. घरी जाईचा पाला चावतो, तूप लावतो, ताक पितो आणि वाट बघतो. रेडिएशनला बरेच जण 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, त्यामुळे उष्णतेचा तर्क आणखीच पटतो. तुम्ही फॉर्म घेऊन समोर बसलात आणि "तोंडात काही त्रास?" असं विचारलंत तर "नाही" असंच उत्तर येईल. "तोंड आलंय का? आमटी झोंबते का?" असं विचारा. झोंबणं, चरचरणं, ठणकणं हे तीन वेगळे त्रास आहेत. लाळ आटलेला माणूस "घास नुसता तोंडात फिरतो" म्हणतो. त्याचं तोंड तपासताना दातांचा छोटा आरसा आधी पाण्यात बुडवून घ्या. कोरडा आरसा गालाला आतून चिकटतो आणि ओढताना साल निघते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कळलं.

आता मोजणीकडे येते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. तोंडाच्या म्युकोसायटिससाठी जागतिक आरोग्य संघटनेची ० ते ४ अशी श्रेणी सर्रास वापरतात. १ म्हणजे लाली आणि हुळहुळेपणा. २ म्हणजे व्रण आहेत, पण घन अन्न खाता येतं. ३ म्हणजे फक्त पातळ जातं. ४ म्हणजे तोंडावाटे काहीच जात नाही. वाचायला सोपं वाटतं. माझ्याकडे गालाच्या कर्करोगाचे एक काका होते, शेकाचा चौथा आठवडा चालू. व्रण दिसत होते. विचारलं, "काका, जेवण जातंय का?" म्हणाले, "जातंय की. सकाळीच भाकरी खाल्ली." मी २ लिहिलं. पुढच्या आठवड्यात परत भाकरी, परत २. पण वजनाच्या रकान्यात आकडा घसरत होता. तिसऱ्या वेळी बाहेर बाकड्यावर बसलेल्या काकूंशी बोलले. त्या म्हणाल्या, "अर्धा तास दुधात भिजत घालते, मग कुस्करते, मग गाळणीतून गाळून देते. त्यांना भाकरी लागते ना, नुसतं दूध प्यायले तर जेवल्यासारखं वाटत नाही."

म्हणजे माणूस किती तरी दिवस ३ वर होता आणि माझ्या कागदावर २ वर. त्या महिन्यातले माझे सगळे फॉर्म मी परत काढून पाहिले. पातळ भात, कालवलेला वरणभात, पेज, चहात बुडवलेलं बिस्किट यांतलं घन कुठलं आणि पातळ कुठलं, हे इंग्रजी फॉर्ममध्ये कुठेच नव्हतं. औषधाचा गुण आला की नाही हे २ आणि ३ मधल्या फरकावर ठरतं, आणि तो फरक आपल्या स्वयंपाकघरात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. आता आमच्या टिपणात एक प्रश्न कायमचा आहे: घरच्यांचं ताट आणि तुमचं ताट एकच असतं का? शक्य असेल तिथे दोन जण स्वतंत्रपणे श्रेणी देतात, आणि दर आठवड्याला वजन होतंच. नवीन माणसाने पहिले पंधरा दिवस स्वतः काही नोंदवू नये, अनुभवी नर्सच्या आणि आहारतज्ज्ञाच्या शेजारी बसून ऐकावं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट दिवसांची. या क्षेत्रात 'काय झालं' याच्याइतकंच 'कितव्या दिवशी झालं' हे महत्त्वाचं असतं. डोक्या-मानेच्या कर्करोगात साधारणपणे रोज २ ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, असा सहा-सात आठवड्यांत ६० ते ७० ग्रे डोस जातो (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक). लाली दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागते, मग व्रण येतात, आणि शेवटचा शेक झाल्यावरही दोन ते चार आठवडे ते रेंगाळतात. पेशंट मात्र शेक संपला की त्याच संध्याकाळच्या एसटीने गावी जातो. त्यामुळे भरून येण्याचा काळ बहुतेक नवख्यांच्या नोंदीत नसतोच. फोन नंबर दोन घ्या, एक पेशंटचा आणि एक जो खरोखर फोन उचलतो त्याचा. हे सगळं कशासाठी, तर वेदनेपायी शेक मध्येच थांबवावा लागला आणि उपचार लांबले, तर गाठीवरचा ताबा कमी होतो. तोंडातल्या व्रणाचा हिशोब शेवटी जीव वाचण्यापर्यंत जातो.

किमोचं वेळापत्रक निराळं. तिथे तोंड साधारण आठवडाभरात येतं, दोन आठवड्यांपर्यंत जोरात असतं आणि मग भरून येतं. पांढऱ्या पेशीही नेमक्या त्याच सुमारास तळाला गेलेल्या असतात. उघड्या जखमेतून जंतू रक्तात शिरायला याहून वाईट वेळ नाही. व्रण आणि ताप एकत्र दिसले की फॉर्म बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना बोलवा.

वाचन कुठून सुरू करायचं, हा प्रश्न हमखास येतो. बॉस्टनच्या स्टीफन सोनिस यांनी २००४ साली मांडलेली पाच टप्प्यांची मांडणी आधी वाचा. त्याआधी समज असा होता की औषध तळातल्या वाढत्या पेशी मारतं, वरची साल गळते आणि व्रण पडतो. सोनिस यांनी दाखवलं की पहिल्याच दिवशी डीएनए तुटतो, ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू तयार होतात, मग एनएफ-कॅपा-बी या प्रथिनासारखे दाह पेटवणारे संदेश चालू होतात, ते एकमेकांना वाढवत नेतात, आणि वरून सगळं ठीक दिसत असताना आत नासाडी चाललेली असते. व्रण हा चौथा टप्पा, भरून येणं पाचवा. एकदा हे डोक्यात बसलं की आपण व्रण दिसल्यावर दिलेल्या औषधाकडून किती अपेक्षा ठेवायची, तेही कळतं.

आतड्याचंही तेच. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला डोरोथी कीफ यांच्या गटाने किमो घेतलेल्या माणसांच्या लहान आतड्याचे तुकडे ठराविक दिवसांनी तपासले आणि २००० साली ते प्रसिद्ध केलं. पहिल्याच दिवशी आतड्याच्या खोबणींमध्ये पेशींची आत्महत्या सातपट वाढली होती, तिसऱ्या दिवशी अस्तर खुजं झालं होतं, आणि सोळाव्या दिवसापर्यंत सगळं पूर्ववत. तिसऱ्या दिवशी तुकडा घेणारा आणि सोळाव्या दिवशी घेणारा, दोघेही प्रामाणिकपणे उलट निष्कर्ष काढतील.

उंदरांवरचं काम मी पुढे दोन वर्षं केलं, त्यातल्या दोन गोष्टी पुस्तकात नीट सांगितलेल्या नसतात. आतडं मेल्यावर मिनिटांत स्वतःलाच पचवायला लागतं. थंड सलाइनने आतून धुऊन लगेच फॉर्मालिनमध्ये गेलं नाही, तर सूक्ष्मदर्शकाखाली जे फाटलेलं दिसतं ते औषधाने फाटलं की तुमच्या उशिराने, हे कुणीच सांगू शकत नाही. आणि औषध दिलेला उंदीर खात नाही. नुसत्या उपासानेसुद्धा आतड्याची बोटं, म्हणजे अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे (व्हिलाय), आखूड होतात. म्हणून औषध न दिलेल्या एका गटाला मोजून तेवढंच अन्न द्यावं लागतं, जेवढं आजारी गटाने खाल्लं. हा गट नसेल तर तुम्ही भूक मोजत असता. बोटांची उंची मोजताना काप सरळ उभा गेलेला हवा, तिरका असेल तर तो सोडून द्या. आणि कुठली काच (स्लाइड) कुठल्या गटाची हे मोजणाऱ्याला कळता कामा नये.

मला स्वतःला सगळ्यात ओढ लावली ती इरिनोटेकॅनच्या गोष्टीने. किमोच्या या औषधापासून शरीरात एसएन-३८ हा जहाल पदार्थ बनतो. यकृत त्याला एक साखरेसारखा रेणू जोडून निष्क्रिय करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथले जंतू त्यांच्या बीटा-ग्लुक्युरोनिडेज या एन्झाइमने तो रेणू तोडून काढतात, पदार्थ पुन्हा जहाल होतो, आणि जुलाब सुरू. २०१० साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या मॅथ्यू रेडिनबो यांच्या गटाने जंतूंना न मारता फक्त हे एन्झाइम अडवून उंदरांचे जुलाब आटोक्यात आणले. मायक्रोबायोलॉजी केलेल्यांनी हे नक्की वाचावं, त्यांच्यासाठी या विषयाचं दार इथेच उघडतं.

उपायांच्या बाबतीत मोठ्या आशा लावून येऊ नका, पण हात टेकूही नका. फाइव्ह-एफयू हे किमोचं औषध एकदम शिरेत देतात तेव्हा ३० मिनिटं तोंडात बर्फाचे खडे धरले तर तोंड कमी येतं, कारण औषध रक्तात फार थोडा वेळ टिकतं आणि तेवढ्यात गारठ्याने तोंडातला रक्तपुरवठा कमी होतो. फ्रीजमधला बर्फ, तोही वेळ साधून दिलेला. पॅलिफर्मिन या वाढघटकाला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. ते किमोच्या आधी आणि नंतर देतात, पण किमोच्या २४ तासांच्या आत देत नाहीत, कारण वाढीला लागलेली पेशी औषधाला जास्त सहज बळी पडते. कमी तीव्रतेच्या लेझरचा उपचार आणि बेंझिडामिन या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या गुळण्या यांना आधार आहे. कुठल्या उपायामागे किती पुरावा आहे, हे मास्क (MASCC) आणि आयसू (ISOO) या कर्करोगाच्या पेशंटच्या काळजीवर काम करणाऱ्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत नीट दिलं आहे. मधाचा उल्लेखही त्यात आहे, हे पेशंटच्या नातेवाइकांना सांगितलं की त्यांचा आपल्यावर विश्वास बसतो. कुठल्या पेशंटसाठी, हे मात्र पूर्ण वाचूनच सांगा.

आत शिरण्याच्या वाटा. बीडीएस किंवा एमबीबीएस शिकत असाल तर आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना करून बघा, आवड आहे की नाही ते तेवढ्यात कळतं. एमएस्सीवाल्यांनी सीएसआयआर-नेटसारखी जेआरएफची, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीची, परीक्षा द्यावी. टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र असलेल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या ठिकाणी पीएचडीची सोय आहे. पगार सुरुवातीला कमी असतो आणि प्रकल्पाची मुदत संपली की नोकरीही संपते, हे घरी आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, आणि एका प्रकल्पाची मंजुरी लांबली तेव्हा चार महिने बिनपगारी गेले. माणसांवरच्या अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, औषधाची चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी लागते, प्राण्यांसाठी वेगळी समिती. या कागदांना सहा महिने धरून चला.

मार्गदर्शकाला पत्र लिहिताना "मला कर्करोगावर काम करायचं आहे" एवढंच लिहू नका. वॉर्डात एक दिवस बसण्याची परवानगी मागा, आणि त्या दिवशी एका पेशंटने सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं, कसं करून खाल्लं, किती वेळ लागला, हे त्याच्या शब्दांत लिहून सोबत जोडा. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत मी आधी तेच शोधते. आणि तपासायला जाल तेव्हा बॅटरी, ओला आरसा, फॉर्म, पेन सगळं हाताशी ठेवून जा, म्हणजे त्या माणसाला तोंड एकदाच उघडावं लागेल.