साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन क्लबसोबत कशी पळावी: तयारी चढाची नव्हे, उताराची

कोल्हापुरात रंकाळा तलावावर पहाटे साडेपाचला जमणाऱ्या आमच्या गटात वळीव पडून गेला की एकच विषय सुरू होतो: यंदा साताऱ्याला कोण कोण? सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. शहरातून सुटायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून त्याच वाटेने खाली यायचं. अंतर इतर हाफ मॅरेथॉनइतकंच, २१.०९७५ किलोमीटर. पण रंकाळ्याच्या सपाटीवर दोन तासांत हे अंतर काढणारा माणूस इथे त्याच हिशेबाने उतरला तर फसतो.

मी पहिल्या वर्षी फसलो. तीन महिने फक्त चढाचा सराव केला होता आणि चढ खरोखर छान गेला. वळण घेतलं तेव्हा वाटलं, आता काय, उतारच आहे. सोळाव्या किलोमीटरला मांड्या अशा भरून आल्या की गुडघे वाकवले की पाय लटपटायचे. शेवटचे चार किलोमीटर चालत काढले आणि पुढचे चार दिवस घरचा जिना कठडा धरून उलटा उतरलो. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी उताराबद्दल सांगतो.

आधी स्वतःकडे बघा

न थांबता दहा किलोमीटर आरामात पळता येत असेल तर बारा आठवड्यांत ही शर्यत नीट करता येते. तेवढं येत नसेल तर यंदा क्लबसोबत सराव करा, शर्यत पुढच्या वर्षी. छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाब, मधुमेह किंवा घरात कमी वयात हृदयविकार, यांपैकी काहीही असेल तर नोंदणीआधी डॉक्टरांना भेटा. नोंदणी लवकर भरते, त्यामुळे तारीख जाहीर होते का यावर क्लबातल्या एकाने लक्ष ठेवायचं आणि ग्रुपवर लगेच टाकायचं.

बारा आठवडे कसे वाटावेत

आठवड्यातून चार दिवस पळणं पुरे. दोन दिवस हळू, गप्पा मारत, सहा ते आठ किलोमीटर. एक दिवस चढ-उतार. रविवारी लांब पल्ला, बारा किलोमीटरपासून वाढवत अठरा-एकोणीसपर्यंत. दर चौथ्या आठवड्याला पल्ला कमी करा, शरीर तेव्हाच भरून काढतं. उरलेल्या दिवसांपैकी दोनदा घरीच वीस मिनिटं व्यायाम: बैठका, एका पायावर पायरी उतरणं, टाचा उचलणं. कोल्हापुरात बैठका कशा मारायच्या हे कुणाला शिकवावं लागत नाही. फक्त खाली जाताना मनात तीन आकडे मोजत सावकाश जा. उताराला उपयोगी पडतं ते हेच सावकाश जाणं.

त्याचं कारण समजून घ्या. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराला ब्रेक लावायचा असतो, म्हणून तोच स्नायू लांब होत असतानाच जोर लावतो. अशा ताणात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. उतारावर दम लागत नाही, त्यामुळे हे नुकसान त्या वेळी ध्यानात येत नाही. मांडी एकाएकी बळ सोडते आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. दिलासा असा की एकदा उतार सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने पुष्कळ कमी दुखावतो. हा फायदा मुख्यतः उतार पळूनच मिळतो, सावकाश बैठकांची त्याला जोड. सपाटीवर कितीही पळालात तरी मिळत नाही.

आम्ही त्यासाठी पन्हाळ्याला जातो. वाघबीळला गाड्या लावायच्या आणि घाट चढायचा. पहिल्या महिन्यात चढ पळत किंवा चालत, उतार अगदी सैल. दुसऱ्या महिन्यात चढावर तीन-तीन मिनिटांचे पाच-सहा टप्पे जोर लावून, मध्ये हळूहळू खाली येणं. तिसऱ्या महिन्यात रविवारचा लांब पल्लाच घाटात: अर्धा वर, अर्धा खाली, न थांबता. असे दोन-तीन रविवार झाले पाहिजेत. कधी जोतिबाची वाट धरतो, बदल म्हणून बरा.

उताराचा शेवटचा मोठा सराव शर्यतीच्या अडीच ते तीन आठवडे आधी संपवा. त्यानंतर हौस म्हणूनसुद्धा घाटात जोरात उतरू नका. मांड्या भरून यायला तेवढे दिवस लागतात आणि सोसण्याची ताकद तोवर टिकून राहते. शेवटचे दहा दिवस पळणं निम्म्यावर आणा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हा सगळा सराव भर पावसाळ्यात येतो आणि तेव्हा तापाच्या साथी असतात. अंगात ताप असताना पळू नका. विषाणूच्या तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते आणि त्यावर धावणं जिवावर बेतू शकतं. ताप गेल्यावरही आठवडाभर दमाने घ्या. बुडालेल्या दोन रविवारांनी कुणाची शर्यत बिघडत नाही.

चढावर पाय कसे टाकावेत

पावलं लहान. नजर दहा-पंधरा मीटर पुढे, स्वतःच्या बुटांवर नाही. कमरेतून वाकू नका, अख्खं शरीर घोट्यापासून किंचित पुढे झुकू द्या. हातावरचं घड्याळ एक किलोमीटरला किती मिनिटं लागली ते दाखवत राहील, घाटात त्याकडे बघू नका. श्वास बघा. तीन-चार शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे. एकच शब्द निघत असेल तर वेग जास्त झाला.

आणि चाला. जिथे चढ उभा होतो तिथे झपाझप चालणारा माणूस धापा टाकत पळणाऱ्यापासून फारसा मागे राहत नाही, वर त्याच्या मांड्या शाबूत राहतात. आम्ही ठरवूनच चालतो: चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, अगदी पहिल्या चढापासून. दमल्यावर चालायला लागलं की पुन्हा पळवत नाही.

उतारावर

इथे सगळे चुकतात, मीही चुकलो. लांब ढांग टाकून टाच आपटली की प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि त्याचा हिसका थेट गुडघ्याला व मांडीला बसतो. त्याऐवजी पावलं लहान आणि झटपट ठेवा. पाय शरीराच्या खाली पडू द्या, गुडघा किंचित वाकलेला, पाऊल पडताना आवाज कमी. हात थोडे बाजूला सैल सोडा, तोल राहतो. मागे रेलू नका. उतार ओढतो म्हणून वेग वाढतोय असं वाटलं तर पावलं आणखी लहान करा, टाचेने रोखू नका.

रस्ता ओला असणार हे धरूनच चला. पांढरे रंगवलेले पट्टे पावसात निसरडे होतात, कडेला शेवाळ आणि पानं असतात. धुकं दाटलं तर पुढच्याची पाठच तेवढी दिसते. शिवाय त्याच रस्त्याने काही जण अजून चढत असतात. स्वयंसेवक सांगतील ती बाजू सोडू नका आणि गप्पा मारत तिघं-चौघं एका रांगेत पळू नका.

मोकळं पळण्याची वेळ घाट संपल्यावर येते. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये राखून ठेवलेलं सगळं शहरातल्या शेवटच्या टप्प्यात वापरा. तिथे सातारकर रस्त्याच्या दुतर्फा उभे असतात, पोरं हात पुढे करतात. ऑलिंपिकच्या स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत २०१६ मध्ये रिओत धावलेली ललिता बाबर याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची. इथल्या माणसांना पळणाऱ्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

आदल्या दिवशी, क्लब म्हणून

कोल्हापूरहून सातारा साधारण १२० किलोमीटर. पहाटे निघून शर्यत गाठण्याचा विचार करू नका, आदल्या दुपारीच पोहोचा. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, घ्यायला फोटो ओळखपत्र लागतं. एकाने सगळ्यांचे घ्यायचे असतील तर आयोजकांचा नियम आधी वाचा.

बिब मिळाला की मागच्या बाजूला रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरच्या माणसाचा नंबर लिहा. हे काम क्लबच्या एका जबाबदार माणसाने सगळ्यांकडून समोर बसवून करून घ्यावं. घरचा नंबर म्हणजे शर्यतीत नसलेल्या माणसाचा. नवरा-बायको दोघंही पळत असतील तर एकमेकांचे नंबर लिहून उपयोग नाही.

ऐन वेळी कुणी गळालं तर त्याचा बिब दुसऱ्याला देऊ नका. पैसे वाया जातात हे मान्य. पण घाटात कुणी कोसळला तर डॉक्टर बिबावरच्या नावाने माहिती बघतात. वय चुकीचं, रक्तगट चुकीचा आणि फोन भलत्याच घरी. आमच्या क्लबात हा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

रात्रीचं जेवण साधं आणि लवकर: वरण-भात, पोळी, बटाट्याची भाजी. साताऱ्यात आलोच आहोत तर तिखट काही खाऊ, ही इच्छा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबवा. झोपण्याआधी कपडे, बूट, पिना, बिब मांडून ठेवा. बूट सरावातले, पायात रुळलेले पण झिजून गुळगुळीत न झालेले. नवा टीशर्टसुद्धा नको. काखेत, मांड्यांच्या आत, पुरुषांनी स्तनाग्रांवर आणि स्त्रियांनी स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलीन लावायचं. भिजलेलं कापड तीन तास घासलं की रक्त येतं.

शर्यतीची सकाळ

सुटण्याच्या दोन-अडीच तास आधी थोडं खा: केळं आणि ब्रेड-जॅम, किंवा सरावात पचतं हे माहीत असलेले पोहे. सोबत खजूर किंवा चिक्कीचे लहान तुकडे ठेवा. पाऊण तासाने पहिला तुकडा, मग दर अर्ध्या तासाने, पाण्याच्या घोटासोबत.

पाणी तहानेप्रमाणे प्या. प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करायचाच, असं नाही. गरजेपेक्षा फार पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम खाली येतं. उलटी, पोट फुगणं, डोकं दुखणं, बोलणं असंबद्ध होणं ही त्याची लक्षणं, आणि लोक त्याला पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी पाजतात. ओआरएस घेत असाल तर एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच मिसळा. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून घेऊ नका. पळण्याआधी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय काहींना असते, ती मोडा. घाम जात असताना त्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

क्लबात महिनोन्‌महिने एकत्र पळतो, म्हणून शर्यतीतही एकत्रच, असा हट्ट धरू नका. बरोबर सुटा, पण पहिल्या चढावर ज्याने त्याने आपला श्वास ऐकावा. मित्राच्या मागे खेचला गेलेला माणूस उतारावर त्याची किंमत मोजतो. नवख्यांसोबत मात्र एका अनुभवी माणसाने स्वतःची वेळ बाजूला ठेवून शेवटपर्यंत राहावं. आमच्याकडे हे काम दरवर्षी दुसऱ्याकडे जातं.

रस्त्यात कुणी छाती धरून बसलेला, भेलकांडणारा किंवा विसंगत बोलणारा दिसला, तर तो आपल्या क्लबचा असो वा नसो, थांबा. स्वयंसेवकाला हाक मारा, १०८ लावा. अंग तापलेलं असेल तर हाताला येईल ते गार पाणी अंगावर ओता. शुद्ध हरपून श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरात आणि वेगाने दाब द्यायला सुरुवात करा. हा छातीवरचा दाब, म्हणजे सीपीआर, देता येणारे निदान चार जण क्लबात हवेत. एका रविवारी सरावानंतर एखाद्या डॉक्टरांना बोलावून शिकून घ्या.

संपल्यावर

रेषा ओलांडली की लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. ओले कपडे बदला, काहीतरी खारट खा. भेटायची जागा आदल्या दिवशीच ठरलेली असावी, कारण गर्दीत फोन लागतोच असं नाही. आणि क्लबचा शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी गाडीत बसायचं नाही. ज्याला साडेतीन तास लागले, त्याने आपल्यापेक्षा दीड तास जास्त घाट सोसलेला असतो. रेषेवर आपली माणसं उभी दिसली की तो पुढच्या रविवारी रंकाळ्यावर येतो.

मग कंदी पेढे घ्या आणि निघा. गाडी ज्याने शर्यत पळलेली नाही त्याने चालवावी. वाटेत कराडला एकदा सगळ्यांनी उतरून पाय मोकळे करावेत. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा, उन्हात नको. दोन दिवस फक्त चालणं. बुधवार-गुरुवारी जिना सरळ उतरता आला तर पाच किलोमीटर हळू पळा. जमलं नाही तर पुढच्या वर्षीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा: घाटातले रविवार दोन वाढवायचे.