उन्हाळी सुट्टीत मुलांना बियास कुंडला नेताना

नववी-दहावीतल्या मुलाचं डोकं दुखत असेल, टाचेला फोड आला असेल, पोट बिघडलं असेल, तरी तो चारचौघांत बोलत नाही. लहान मूल रडून सांगतं, मोठा माणूस कुरकुर करतो. तेरा ते सतरा वयाची मुलं मात्र मित्रांसमोर कमीपणा नको म्हणून गुपचूप चालत राहतात. हिमालयात या वयाची मुलं नेताना सगळी आखणी हे धरूनच करायची. कुणालाही सगळ्यांसमोर ‘मला जमत नाहीये’ म्हणावं लागू नये, आणि तरीही लीडरला ते वेळेत कळावं.

खालची माहिती मनालीजवळच्या बियास कुंडाच्या ट्रेकची आहे. पहिल्या हिमालयीन ट्रेकसाठी तो चांगला, कारण कुंड सुमारे ३,७०० मीटरवर असलं तरी वरच्या मुक्कामापासून, म्हणजे बकरथाचपासून, धुंदी या ठिकाणचा गाडीरस्ता दोन-तीन तासांच्या उतारावर आहे. अटल बोगद्याचं दक्षिण तोंड धुंदीच्या जवळच असल्याने तो रस्ता बऱ्यापैकी राबता असतो. आजारी मूल अर्ध्या दिवसात मनालीच्या दवाखान्यात पोचवता येतं. मुलांसाठी ट्रेक निवडताना हे आधी बघावं, फोटो किती छान येतील ते नंतर.

तारखा आणि माणसं

आपल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात बकरथाचच्या वर सहसा भरपूर बर्फ असतो आणि कुंड गोठलेलं असण्याचीच शक्यता जास्त. २० मे ते १० जून हा काळ बरा. जूनअखेरीस तिकडेही पाऊस गाठतो. बर्फाचं प्रमाण दर वर्षी बदलतं, म्हणून निघण्याच्या आठवड्यात स्थानिक गाइडला फोन करून वाट, ओढ्यांवरचे पूल आणि परवानगी-नोंदणी या तिन्हींची ताजी माहिती घ्या.

एका तुकडीत १६ मुलांपेक्षा जास्त नकोत. त्यांच्याबरोबर तीन मोठी माणसं आणि शिवाय एक स्थानिक गाइड. तिघं का, तर एकाला आजारी मूल घेऊन खाली जावं लागलं तरी पुढे आणि मागे माणूस उरतो. दोघांत भागवलेली तुकडी पहिल्या डोकेदुखीला अडकते आणि मग ‘थोडं थांबू, बरं वाटेल’ असले निर्णय होऊ लागतात. मुली असतील तर बाई लीडर हवीच. मुख्य लीडरने मनाली, उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या पर्वतारोहण संस्थेचा कोर्स आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण केलेलं असावं. कुठल्याही मोठ्या माणसाने एकट्या मुलासोबत तंबूत थांबायचं नाही. तपासायचं असेल तर तंबूचं दार उघडं ठेवून, दुसरा मोठा माणूस हाकेच्या अंतरावर ठेवून.

पालकांकडून काय काढून घ्यायचं

‘फिट आहे’ एवढा एका ओळीचा दाखला कुचकामी. फॉर्ममध्ये एकेक प्रश्न वेगळा विचारा: दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, औषधांची अ‍ॅलर्जी, सध्या सुरू असलेली औषधं, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं. शेवटच्या दोन गोष्टी पालक लिहीत नाहीत, म्हणून त्या फोनवर, एकट्याला विचाराव्यात. नंदुरबार, गडचिरोली आणि एकूणच विदर्भातल्या मुलांच्या बाबतीत सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली आहे का ते विचाराच. हा आजार असलेल्या मुलाला या उंचीवर नेऊ नये, आणि वाहक असला तरी उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टरांचा स्पष्ट सल्ला हवा. काही पालक परस्पर डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, देऊन ठेवतात. ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच घ्यायचं, आणि मुलाकडे कुठली गोळी आहे हे लीडरला माहीत असायला हवं.

तयारी

आठ आठवडे आधी सुरुवात. आठवड्यातून तीन दिवस जिने किंवा टेकडी, आणि दर दुसऱ्या रविवारी सॅक घेऊन चढाई. पुण्याच्या मुलांसाठी आतकरवाडीतून सिंहगड ही चाचणी पुरेशी बोलकी आहे. सात किलोची सॅक घेऊन, गप्पा मारता येतील अशा चालीने, दीड-पावणेदोन तासांत वर पोचता आलं पाहिजे. एप्रिलमध्ये सूर्योदयाआधी निघून दहाच्या आत पायथ्याला परत या. उन्हात मुलं भाजून काढण्याला तयारी म्हणत नाहीत.

बूट निघण्यापूर्वी निदान तीन आठवडे पायात हवेत. माप संध्याकाळी, जाड मोज्यांसह घ्यायचं. बुटाचे बंद न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं. तेवढी जागा नसेल तर उतारावर अंगठ्याची नखं काळी पडतात. आईवडिलांनी ‘वाढता पाय’ म्हणून दोन नंबर मोठे घेतलेले बूट मात्र टाच सोलून काढतात.

सॅक

सामानासह सॅक मुलाच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ४५ किलोच्या मुलाला सात ते नऊ किलो, पाण्यासकट. तंबू, भांडी आणि रेशन पोर्टर किंवा खेचरांवर द्या.

मनालीला पोचल्यावर प्रत्येक सॅक रिकामी करून पुन्हा भरून घ्यायची, पण हॉलमध्ये सगळ्यांची एकत्र नव्हे. एकेका खोलीत जाऊन बघा. नको असलेल्या वस्तू ठरलेल्याच असतात: जीन्स, तीन पॉवर बँक, शाम्पूची अख्खी बाटली, दोन किलो चिवडा. त्या नाव लिहिलेल्या पिशवीत हॉटेलवर ठेवा.

भरताना आधी आतून मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी लावायची, कारण वरचं रेनकव्हर वाऱ्यात उडतं आणि पाठीकडून पाणी शिरतं. तळाला स्लीपिंग बॅग, मधोमध पाठीला चिकटून जड वस्तू, बाहेरच्या बाजूला कपडे, वरच्या खणात रेनकोट आणि खाऊ. मग सॅक पाठीवर चढवताना सगळे पट्टे सैल करायचे. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसवून आधी तो आवळायचा, मग खांद्याचे ओढायचे. मुलं हमखास उलटं करतात: खांदे आवळतात, कमरेचा पट्टा पोटावर लोंबत ठेवतात आणि तासाभरात मान धरते. निघताना कमरेचा पट्टा प्रत्येकाचा हाताने ओढून बघा.

कपड्यांत सुती काही नको. घामाने भिजलेला सुती टी-शर्ट बकरथाचच्या वाऱ्यात थंडी भरवतो. दोन सिंथेटिक टी-शर्ट, थर्मलची एक जोडी, फ्लीस, वारा-पाऊस अडवणारं जाकीट, मोज्यांच्या चार जोड्या, टोपी, हातमोजे. बर्फावर काळा चष्मा सक्तीचा. ढग असले तरी डोळे भाजतात, आणि ते कळतं रात्री. सनस्क्रीन नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही लावायचं, कारण बर्फावरचं ऊन खालून येतं.

दिवसांची आखणी

मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. रेल्वे-बसच्या प्रवासाने पिळून निघालेल्या मुलांना तिथे दोन रात्री द्या.

पहिला दिवस: आराम, सॅक तपासणी.
दुसरा: वशिष्ठहून जोगिनी धबधबा, परत मनाली.
तिसरा: गाडीने सोलंग, तिथून चालत धुंदी, मुक्काम सुमारे २,८५० मीटरवर.
चौथा: बकरथाच, सुमारे ३,३०० मीटर. चाल कमी आहे, दुपारी तासभर वर फिरून खाली या.
पाचवा: कुंड बघून परत बकरथाच.
सहावा: राखीव.
सातवा: खाली.

खर्च वाचवायला सगळे आधी धुंदीचा मुक्काम आणि राखीव दिवस कापतात. तो मोह टाळाच. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा नियम मुलांनाही लागू आहे. राखीव दिवस नसला की पावसातही कुंडाकडे निघावं लागतं.

संध्याकाळची फेरी

या ट्रेकमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. धुंदीपासून पुढे रोज जेवणाआधी लीडरने प्रत्येक मुलाशी दोन मिनिटं, इतरांना ऐकू जाणार नाही असं बोलायचं. ‘बरं वाटतंय ना?’ विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. म्हणून असं विचारा: सकाळपासून डोकं कधी कधी दुखलं? दुपारचं जेवण किती गेलं? लघवी कितीदा झाली, रंग कसा होता? मोजे काढून दाखव. शेवटी जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला लावा. हे सगळ्यांनाच, अगदी दणकट मुलालाही. मग ज्याला खरंच त्रास आहे तो वेगळा पडत नाही. नोंद वहीत ठेवा. ऑक्सिमीटर असला तरी त्याच्या आकड्यावर विसंबू नका. थंड बोटावर तो काहीही दाखवतो.

उंचीवर डोकेदुखी आणि सोबत मळमळ, भूक नसणं, चक्कर किंवा फार थकवा यांपैकी काही असेल तर उंचीचाच त्रास समजायचा. त्या मुलाने आणखी वर जायचं नाही. पाणी, विश्रांती, आणि डॉक्टरांनी वजनानुसार आधीच लिहून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल. सकाळपर्यंत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला तर मोठ्या माणसासोबत खाली. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं यांतलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी टॉर्च लावून लगेच उतरायचं. उजाडायची वाट बघण्यात जीव जातो.

खाली जाणं ही शिक्षा वाटता कामा नये. पहिल्याच दिवशी सांगून टाका की खाली येणाऱ्यांसाठी मनालीत लीडर असेल आणि त्यांचा वेगळा कार्यक्रम असेल: हिडिंबा मंदिर, जुनी मनाली, पर्वतारोहण संस्थेचा परिसर. हे आधीच माहीत असलं की मुलं लवकर बोलतात.

चाल, ओढे, मोरेन

पुढे गाइड, त्याच्या मागे सगळ्यात हळू चालणारी दोन मुलं, शेवटी लीडर. शेवटच्या लीडरच्या मागे कुणी राहायचं नाही. शौचाला जाणाऱ्यानेही सॅक वाटेवर ठेवून जायचं, म्हणजे कोण आत गेलंय ते दिसतं. दर पन्नास मिनिटांनी दहा मिनिटं थांबा, आणि मागचे पोचले की लगेच निघू नका. नाहीतर ज्याला विश्रांतीची गरज आहे त्यालाच ती मिळत नाही.

टाचेत चुरचुरलं की तिथेच बूट काढून, पाय कोरडा करून, चिकटपट्टी गुळगुळीत लावायची. सुरकुती राहिली तर तिचाच फोड होतो.

बर्फ वितळल्याने ओढे दुपारी फुगतात. सकाळी घोट्यापर्यंत असलेलं पाणी तीन वाजता गुडघ्यावर येतं. कुंडाच्या दिवशी साडेपाचला निघा, आणि कुठेही असलात तरी साडेअकराला परत फिरा. ओलांडताना बूट पायातच, कमरेचा पट्टा सोडलेला, तोंड प्रवाहाकडे, तिघातिघांनी हात गुंफून. सगळ्यात ठेंगण्या मुलाच्या गुडघ्यावर पाणी जात असेल तर ओलांडायचं नाही. बर्फाच्या पुलावर गाइडने आधी काठी खुपसून बघायचं, मग एकेकाने जायचं. दुपारी तो पूल टाळा. कुंडाच्या आधीच्या मोरेनवर, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगांवर, दगड हलते असतात आणि घोटे मुरगळतात ते परतताना, पोरं पळत सुटतात तेव्हा. विजा कडाडू लागल्या तर कड्यावरून आणि उघड्या माथ्यावरून लगेच खाली.

खाणं, पाणी, शौच

३,३०० मीटरवर पाणी ८९ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही. तूरडाळीऐवजी मूगडाळ न्या. एका वेळेला माणशी ९० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ, शिवाय चपात्या. भूक मेलेली असते तेव्हा गरम मऊ भात, मेतकूट आणि तूप मुलं नाही म्हणत नाहीत. वाटेत गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याची चिक्की. पाणी दिवसाला तीन लिटर, तीन मिनिटं खळखळून उकळलेलं. बाटल्यांवर नावं टाका आणि दुपारी किती उरलंय ते बघा. शौचाला जायला नको म्हणून, विशेषतः मुली, पाणी कमी पितात.

म्हणूनच शौचाचा तंबू पोचल्या पोचल्या, पाण्यापासून ६० मीटरवर उभा करा. वीत-भर खोल खड्डा, मातीचा ढीग, खुरपं, साबण. पॅड मुलींच्या वैयक्तिक सामानात असोत वा नसोत, तंबूतच एका डब्यात मागावे न लागतील असे ठेवा, सोबत गडद रंगाच्या झिपच्या पिशव्या. वापरलेलं सगळं मनालीला परत आणायचं.

परतल्यावर

मनालीत पोचल्यावर पुन्हा एकदा पाय, डोळे आणि खोकला तपासा. उतरूनही धाप किंवा खोकला कमी होत नसेल तर रेल्वेत बसवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. वहीतल्या नोंदी, म्हणजे कुणाला काय झालं, कुठली गोळी कधी दिली, प्रत्येक पालकाला वेगळ्या पाठवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.