बायोलॉजी न शिकता न्यूरोसायन्सच्या पीएचडीला अप्लाय करताना

मी इंजिनिअरिंगमधून न्यूरोसायन्सला आलो, त्यामुळे "बारावीनंतर बायोलॉजीच नाही, मग घेतील का?" असं बरेच जण विचारतात. घेतात हो! हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अ‍ॅक्सॉनवर (म्हणजे न्यूरॉनच्या, मेंदू-मज्जासंस्थेतल्या पेशीच्या, सिग्नल वाहून नेणाऱ्या लांब तंतूवर) मोजमापं घेतली आणि सिग्नल कसा तयार होऊन पुढे जातो ते 1952 मध्ये थेट डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये मांडलं. न्यूरॉन्सच्या जाळ्यात आठवण कशी साठत असेल याचं गणिती मॉडेल देणारे जॉन हॉपफिल्ड तर मूळचे फिजिक्सवाले. या विषयाला बाहेरची माणसं कायमच लागत आली आहेत.

म्हणून एसओपीमध्ये (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचा निबंध) बायोलॉजी नसल्याबद्दल सफाई देत बसू नका, आणि "लहानपणापासून मेंदूचं कुतूहल" हे पहिलं वाक्य असेल तर आत्ताच काढा. तुम्हाला जे येतं त्याने मेंदूतला कोणता प्रश्न सुटेल ते लिहा. समजा तुम्ही सिग्नल प्रोसेसिंग केलंय, तर एका इलेक्ट्रोडवर शेजारशेजारच्या बऱ्याच न्यूरॉन्सचे स्पाइक्स (म्हणजे विजेचे छोटे झटके) एकत्र येतात आणि कुठला स्पाइक कुणाचा हे वेगळं करावं लागतं, हे तुमचंच काम आहे की.

नुसतं लिहून भागत नाही, थोडं करून दाखवायला लागतं. अमेरिकेतल्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने उंदरांच्या व्हिज्युअल कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बघण्याशी संबंधित भागाची, रेकॉर्डिंग्ज फुकट ठेवलीत. पायथॉनमध्ये एक न्यूरॉन घ्या, प्रत्येक ट्रायलची (म्हणजे उंदराला एकदा चित्र दाखवण्याची) एक ओळ, प्रत्येक स्पाइकचा एक ठिपका, असा रास्टर काढा. उंदरासमोरच्या स्क्रीनवरच्या रेघा एका ठराविक कोनात आल्या की ठिपक्यांची गर्दी होते, दुसऱ्या कोनात तोच न्यूरॉन जवळपास गप्प. हे स्वतः बघितलं की एसओपीला आपोआप वजन येतं, आणि खरं सांगायचं तर आपल्याला हे मनापासून आवडतंय का तेही कळतं, जे अ‍ॅडमिशनपेक्षा महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

अमेरिकेत बहुतेक प्रोग्राम्समध्ये पहिल्या वर्षी वेगवेगळ्या लॅबमध्ये रोटेशन (थोडे थोडे दिवस काम करून बघणं) असतं, त्यामुळे लॅब आधीच ठरलेली लागत नाही. डेडलाइन साधारण डिसेंबरच्या आसपास असतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी मास्टर्स मागतात आणि थेट एखाद्या लॅबच्या जागेसाठी अर्ज करायचा असतो. जीआरई ही प्रवेश परीक्षा आता खूप जणांनी काढून टाकलीये, तरी प्रत्येक प्रोग्रामचं बघून घ्या.

रेकमंडेशनमध्ये किमान एक पत्र तुमच्याकडून रिसर्च करून घेतलेल्या माणसाचं हवंच, मग तो रिसर्च मेंदूवरचा नसला तरी चालतो. इंटरव्ह्यूत एखादा शब्द अडला तर सरळ विचारा आणि मग तुम्ही तो प्रश्न कसा सोडवाल ते बोला, समोरच्यांना तेच ऐकायचं असतं.