बोडीच्या पाण्यात मुकुलायन कसे पाहावे

तारामाशाचे काही डिंभक (अंड्यातून निघालेली, प्रौढाहून वेगळी दिसणारी पिल्ले) प्रौढ होण्याआधीच शरीराचा तुकडा वेगळा करून त्यापासून दुसरा डिंभक घडवतात. तारामाशाच्या नात्यातील सँड डॉलर या चपट्या समुद्री प्राण्याचे डिंभक तर माशांच्या अंगावरील बुळबुळीत स्रावाची चाहूल लागताच असे विभागतात, हे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. भंडारा-गोंदियाकडच्या शाळेला समुद्र दूरचा असला, तरी अलैंगिक प्रजनन, म्हणजे येथे मुकुलायन (अंगावर फुटलेल्या मुकुलापासून, म्हणजे कळीसारख्या फुगवट्यापासून, नवा जीव होणे), पाहण्यासाठी गावची बोडी (लहान तळे) पुरेशी आहे.

हिवाळ्यात बोडीतील पाणवनस्पती त्याच पाण्यासह रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत भराव्यात आणि बरणी थेट ऊन न लागणाऱ्या खिडकीत एक-दोन दिवस न हलवता ठेवावी. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी मुळीच घालू नये. मग भिंगातून काचेवर व पानांखाली शोधल्यास, नशीब असेल तर, सेंटिमीटरहूनही आखूड, दोऱ्यासारखा हायड्रा हा गोड्या पाण्यातील प्राणी चिकटलेला आढळतो. स्पर्श होताच तो आकसून ठिपक्याएवढा होतो, म्हणून घाई करू नये. त्याच बोडीतील पाणपिसवा (बारीक जलचर) खाऊ घातल्यास त्याच्या अंगावर फुगवटा येतो, त्याला संस्पर्शिका (भक्ष्य पकडणारे धाग्यासारखे अवयव) फुटतात आणि काही दिवसांत पिल्लू सुटे होते. रोज एकाच वेळी चित्र काढावे.

मात्र हायड्राला डिंभक अवस्थाच नसते. येथे मुकुल फुटतो तो प्रौढाला, हा फरक विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा.